जे नंतर बदलता येत नाही, पैसे त्यावर घाला

वाचकाचं पत्र:

‘सप्रेम नमस्कार. मी सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४१. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं, प्रश्नपत्रिका काढणं, मधूनमधून ऑनलाइन बैठका, ही कामं आजवर शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर भागवली. गेल्या वर्षी एम. ए. मराठीला प्रवेश घेतला. प्रबंधासाठी आमच्या भागातल्या वयस्कर बायकांकडून धालोची आणि फुगडीची गाणी फोनवर रेकॉर्ड करते आणि घरी बसून उतरवून काढते. शनिवारी बसने पणजीला, पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. मणक्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली आहे, म्हणून पातळ आणि हलका लॅपटॉप हवा. ४५,००० रुपये जमवलेत, त्याच्या वर जाणं शक्य नाही. भाचा म्हणतो सेकंडहँड आय-७ घे, १८,००० ला मिळतो. दुकानदार १५.६ इंची मोठा दाखवतो. ऑनलाइन एक अगदी सडपातळ २३,००० ला दिसला, त्यावर सेलेरॉन, ४ जीबी रॅम, १२८ जीबी ईएमएमसी असं लिहिलंय. तोच घेऊन उरलेले पैसे गाठीला ठेवू का? की चवथीच्या ऑफरची वाट पाहू?
– एक शिक्षिका, वाळपई’

ताई, नमस्कार.

तो २३,००० चा लॅपटॉप घेऊ नका. बाकी सगळं सावकाश सांगतो, पण पत्र वाचल्या वाचल्या मनात आलं ते हेच, म्हणून आधी लिहिलं.

फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना माझ्या टेबलावर असे सडपातळ लॅपटॉप खूप आले. त्यातला एक विसरता येत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. वडिलांनी काजूचा हंगाम संपल्यावर हातात आलेल्या पैशांतून तिला लॅपटॉप घेऊन दिलेला. दिसायला देखणा, वजनाला फुलासारखा. दीड वर्षात तो इतका मंदावला की वर्डची फाइल उघडायला टाकून ती चहा करायला जायची. ‘काका, रॅम वाढवून द्या, दोन हजारांपर्यंत आणलेत,’ म्हणाली. मी मागचे दहा स्क्रू काढले, झाकण उचललं. आत तळहाताएवढा बोर्ड, बाकी सगळी बॅटरी. रॅमच्या चिपा बोर्डावरच डाख देऊन बसवलेल्या, जादा रॅमसाठी खाच नाही. साठवणुकीची चिपही तशीच, बोर्डाला चिकटलेली. वाढवायला जागाच नव्हती. झाकण परत बसवलं आणि तिला सांगितलं की याला काही करता येणार नाही. तिचे दोन हजार तिच्या मुठीतच राहिले. तो चेहरा आठवतो म्हणून हे सदर लिहिताना मी हा मुद्दा पुन्हा पुन्हा सांगतो.

पातळ लॅपटॉपची सगळी मेख इथेच आहे. जाडी कमी करायची तर खाचा, सुटे भाग, स्क्रू, हे सगळं कमी करावं लागतं. जुन्या जाडजूड लॅपटॉपमध्ये रॅम, हार्ड डिस्क, बॅटरी, सगळं काढता-घालता यायचं. आता पातळ यंत्रात बरंचसं कायमचं बसवलेलं येतं. म्हणून विकत घेताना एकच हिशेब डोक्यात ठेवा: जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला, जे बदलता येतं त्यावर आज वाचवा. बदलता येत नाही ते म्हणजे वजन, पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर आणि बहुतेक वेळा रॅम. बदलता येते ती एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा.

रॅमपासून, म्हणजे चालू कामं तात्पुरती मांडून ठेवायच्या जागेपासून सुरुवात करू, कारण चूक सर्वांत जास्त इथेच होते. विंडोज ११ ला कंपनीने किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा सांगितली आहे. ते किमान म्हणजे यंत्र सुरू होईल इतपत. त्यावर ब्राउझरमध्ये यूडायसचं पान, बाजूला वर्ड, मागे रेकॉर्डिंग वाजतंय, अशी तुमची रोजची संध्याकाळ धरली तर ४ जीबीत श्वासही घेता येणार नाही. ८ जीबीत आज काम होतं. १६ जीबी असेल तर पुढची पाच-सहा वर्षं निर्धास्त. दुकानात विचारायचा प्रश्न असा: ‘८ जीबी आहे हे कळलं, पण वाढवायला रिकामा स्लॉट आहे का?’ काही १४ इंची लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावर बसवलेली असते आणि शिवाय एक खाच मोकळी असते. काहींत दोन खाचा असतात. काहींत एकही नसते. विक्रेता ‘हो हो, वाढवता येते’ असं सहज म्हणून जातो, त्याला दोष देत नाही, पण त्याच्या शब्दावर जाऊ नका. दुकानातल्या चालू यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘स्लॉट्स यूझ्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा दोन ओळी दिसतील. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर रॅम बोर्डावर डाख दिलेली आहे. तरीही एखादी खाच असू शकते, म्हणून तो नेमका मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचं पान काढून मेमरीची ओळ वाचा. खाच अजिबात नसेल तर १६ जीबीच घ्या, ८ वर समाधान मानू नका.

साठवणुकीचं उलट आहे. ईएमएमसी म्हणजे साधारण फोनच्या मेमरी कार्डाच्या घराण्यातली चिप, ती टाळाच. पण यंत्रात एम-डॉट-टू नावाच्या खाचेत बसणारी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी असेल तर ती २५६ जीबी आहे की ५१२, यासाठी जीव टाकू नका. पुढे जागा कमी पडली तर अर्ध्या तासात मोठी बसवून मिळते. तुमच्या गाण्यांचा हिशेब करून पाहिला. सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी घेतं, म्हणजे तासाला ६०० एमबीच्या थोडं वर. शंभर तास गाणी जमवलीत तरी ६५ जीबीच्या आत. ५१२ जीबी तुम्हाला पुरून उरेल, २५६ मध्येही भागेल.

आता भाच्याचा आय-७. भाचा तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, पण आय-७ हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव एकटं काहीच सांगत नाही. त्याच्या पुढचा आकडा वाचायचा. उदाहरणार्थ आय-७ ६६००यू. यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची. त्यात दोनच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे दोनच भाग. आणि आय-३ १२१५यू, म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची, तिच्यात सहा कोअर. नाव आय-३ असूनही ती रोजच्या कामात त्या जुन्या आय-७ च्या बरीच पुढे धावते आणि वीजही सांभाळून वापरते. शिवाय विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. १८,००० च्या आय-७ ची पिढी आठच्या खाली निघाली, तर सरकारी पोर्टलचे पासवर्ड आणि मुलांची माहिती तुम्ही सुरक्षिततेचे अपडेट न मिळणाऱ्या यंत्रावर ठेवणार. भाच्याला फक्त पिढी विचारा, उत्तर आपोआप मिळेल.

इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसरही मिळतो, त्यात वेगळी गंमत आहे आणि ती दुकानात कुणी समजावून सांगत नाही. ७००० च्या मालिकेत पहिला आकडा फक्त वर्ष दाखवतो. आतली रचना किती नवी हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, कानाला सख्खी भावंडं वाटतात. पण ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना, चार कोअर. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, सहा कोअर. फरक ठळक आहे. ७५२०यू अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, तुमच्या लिहिण्यावाचण्याला ती पुरेशी आहे, पण तिच्यासोबतची रॅम बोर्डावर बसवलेली येते. तेव्हा ती घ्यायची तर १६ जीबीवालीच. इंटेलच्या अलीकडच्या काही प्रोसेसरांच्या नावातून ‘आय’ गेला आहे, कोअर ३ १००यू, कोअर ५ १२०यू असं लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, ते तुमच्या कामाला चांगले आहेत. एन १०० नावाचा छोटा प्रोसेसर चार कोअरचा आहे, साधं काम करतो, पण ४५,००० हातात असताना तिथे थांबायचं कारण नाही. आणि सेलेरॉन एन ४०२० म्हणजे दोन कोअर. तो नको.

वजनाबद्दल आता बोलतो, कारण तुमच्या मणक्याला प्रोसेसरशी काही देणंघेणं नाही. जाहिरातीत ‘पातळ’ मिलिमीटरमध्ये सांगतात. १८ मिलिमीटर आणि २० मिलिमीटर यातला फरक पाठीला कळत नाही, वजनातला कळतो. साधा १५.६ इंची लॅपटॉप १.६ ते १.८ किलोचा असतो. १४ इंची १.३ ते १.५ किलोत मिळतो. त्यात चार्जरचे दोनशे ते तीनशे ग्रॅम धरा, कारण चार्जर बॅगेतच येतो आणि तो जाहिरातीत कुणी मोजत नाही. दुकानात जाताना प्रवासाची बॅग तोलायचा छोटा हुकाचा काटा मिळतो तो न्या. तोही नको असेल तर तुमची शनिवारची बॅग तशीच घेऊन जा, पाण्याची बाटली, छत्री, वही, डबा सगळं भरून. दुकानात आधी १४ इंची आणि चार्जर त्यात घाला, खांद्याला लावून पाच मिनिटं उभ्या राहा. मग १५.६ इंची घालून तेच करा. वाळपईहून पणजीपर्यंत बसायला जागा नाही मिळाली तर तेवढा वेळ उभं राहायचंय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोठ्या पडद्याचा मोह त्या पाच मिनिटांत सुटेल. घरी मोठं दिसायला हवंच असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, म्हणून ते छिद्र यंत्रात आहे ना ते बघून घ्या. शाळेतल्या प्रोजेक्टरलाही तेच लागतं.

भरलेल्या बसमध्ये पातळ लॅपटॉपला एक धोका असतो. झाकण पातळ असतं, ते दाबाने वाकतं. बॅग छातीशी धरून गर्दीत उभं राहिलं आणि आत लॅपटॉपच्या झाकणाला स्टीलचा डबा टेकलेला असला, की पडद्यात कोपऱ्यातून काळी शाई सांडल्यासारखा डाग पसरतो. पडदा बदलायचा खर्च ऐकून लोक टेबलासमोरच खाली बसलेले मी पाहिलेत. लॅपटॉपसाठी जाड स्पंजाचा वेगळा कप्पा असलेली, दोन्ही खांद्यांवर घ्यायची बॅग घ्या. डबा त्या कप्प्यापासून लांब.

बिजागरीही हाताने तपासा. स्वस्त यंत्रांत बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. रोज एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की ते नट प्लॅस्टिक फोडून वर येतात. दुकानात झाकण मधोमध धरून उघडा. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी घट्ट आहे, तशी वर्षभरात नट उपटते. मग कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा. पत्रा खोल दबत असेल तर पुढचं यंत्र दाखवा म्हणा.

तुम्ही इनस्क्रिप्टने टाइप करत असाल असं मी धरून चालतो, शिक्षकांना तेच शिकवलेलं असतं. तसं असेल तर शिफ्टची कळ तुमची अर्धी भाषा आहे. क साठी नुसती के, ख साठी शिफ्टसह. ल साठी एन, ळ साठी शिफ्ट आणि एन. वाळपईतला ळ, धालोच्या गाण्यांतल्या ‘बाळां’तला ळ, सगळे शिफ्टमधून येतात. ज्ञ, त्र, क्ष, श्र तर शिफ्टसोबत वरच्या आकड्यांच्या ओळीत. काही छोट्या कीबोर्डांवर उजवीकडची शिफ्ट एका साध्या कळीएवढी करून तिच्या शेजारी बाणाची कळ कोंबलेली असते. अशा यंत्रावर पानभर लिहिलं की कर्सर कुठल्या कुठे पळालेला असतो. दुकानात उभ्या उभ्या दोन ओळी मराठी टाइप करून पाहा. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडायला दोन मिनिटं लागतात. इनस्क्रिप्ट जमत नसेल तर तिथेच मराठी फोनेटिकही आहे, रोमन अक्षरांच्या अंदाजाने लिहिता येतं. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

पडद्याचंही मराठीनेच ठरवा. १३६६ बाय ७६८ चा पडदा अजूनही स्वस्तात विकला जातो. त्यावर इंग्रजी चालून जातं, पण ‘सर्वांना’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून येतात ते एकच ठिपका होऊन बसतात. पेनड्राइव्हवर तुमच्याच गाण्यांचं एखादं पान न्या आणि नेहमीच्या आकारात उघडा. रफार, अनुस्वार, वेलांटी वेगवेगळी दिसली पाहिजे. १९२० बाय १०८० हवाच, १९२० बाय १२०० मिळाला तर आणखी छान, उभी जागा जास्त मिळते आणि पान वाचायला बरं पडतं. मग झाकण मागेपुढे कलतं करा. रंग उलटे झाले, काळं पांढरट दिसू लागलं, तर तो जुन्या टीएन प्रकारचा पडदा. आयपीएस असेल तर असं होत नाही. उजेड निट्समध्ये सांगतात. २५० निट्स खोलीत चालतो, पण तुम्ही पडवीत बसून म्हाताऱ्या बाईंसमोर लिहिणार असाल तर ३०० च्या आसपास बघा. आणि पडदा चकचकीत नको, मॅट हवा.

बॅटरीचे ‘१२ तास’ वाचून हिशेब करू नका. बॅटरी वॉट-अवरमध्ये मोजतात. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि लिहिताना यंत्र ७ वॉट खातंय असं धरलं तर सहा तास. ग्रंथालयातला दिवस निघतो. ५० वॉट-अवर मिळाली तर सोन्याहून पिवळं. चार्जिंग यूएसबी-सी मधून होत असेल तर त्याला झुकतं माप द्या. पुढे चार्जर बिघडला तर साधा ६५ वॉटचा मिळतो आणि तोच फोनलाही चालतो, बॅगेत एकच चार्जर राहतो.

तुमच्या भागातल्या पावसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. किनाऱ्यावर कळंगुटला, कोलव्याला खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवट बुरा चढलेले बोर्ड माझ्याकडे आलेत. सत्तरीत तो त्रास नाही. पण गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी तुमचा भाग आहे, आणि आषाढ-श्रावणात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते तीच ओल लॅपटॉपमध्ये जाते. पावसाळ्यात तो बॅगेत बंद करून आठवडेच्या आठवडे ठेवू नका. दोन दिवसांआड तासभर चालवा, स्वतःच्या उबेने आतली ओल निघून जाते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधूनमधून त्या बदला. विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढा, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, काम थांबणार नाही. राउटरची तारही काढा, कारण वीज फक्त प्लगातून येते असं नाही. चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्याच, पण घरातली अर्थिंग नीट नसेल तर त्याचा उपयोग अर्धा होतो. जुन्या घरात धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला बारीक मुंग्या येतात, तेही अर्थिंगअभावीच. प्लॅस्टिकचं अंग असलेला घेतलात तर त्यात काही कमीपणा नाही.

पाणी सांडलं किंवा बॅग भिजली तर लगेच बंद करा, चार्जर काढा, अर्धवट उघडून तंबूसारखा पालथा ठेवा आणि माझ्यासारख्या कुणाकडे आणा. ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करायचा नाही. भिजून जेवढी यंत्रं मेली त्यापेक्षा भिजल्यावर सुरू करून जास्त मेली. तांदळाच्या डब्यात ठेवूनही काही होत नाही, उलट कणी आत जाते.

मग घ्यायचा कोणता? १४ इंची, १.५ किलोच्या आत, आय-३ बारावी पिढी किंवा पुढची, नाहीतर रायझन ५ ७५३०यू, १६ जीबी रॅम किंवा ८ जीबी आणि मोकळी खाच, एनव्हीएमई एसएसडी, १९२० बाय १०८० आयपीएस पडदा. आसुसचा विवोबुक १४, लेनोवोचा आयडियापॅड स्लिम ३ यातला १४ इंची, एचपीचा १४ इंची, या घराण्यांपासून शोध सुरू करा. एकाच नावाखाली चांगलं आणि कमी प्रतीचं असे दोन्ही संच विकले जातात, म्हणून नाव पाहून घेऊ नका, वरचे आकडे जुळवून घ्या. ४५,००० त १६ जीबी बसत नसेल तर ८ जीबी आणि मोकळी खाच घ्या, रॅम पुढच्या वर्षी घाला. मॅकबुकच्या वाटेला या पैशांत जाऊ नका, त्यात रॅम आणि साठवण दोन्ही कायमची.

सेकंडहँडला माझी सरसकट ना नाही. डेलची लॅटिट्यूड, लेनोवोची थिंकपॅड, एचपीची एलिटबुक ही कार्यालयांसाठी बनलेली यंत्रं मजबूत असतात, कीबोर्ड सुरेख असतो. दहाव्या-अकराव्या पिढीची, बिलासह आणि निदान सहा महिन्यांच्या वॉरंटीसह मिळाली तर बघा. बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा, मग स्लॅश, आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करायला लावा. जो अहवाल तयार होतो त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. टचपॅड मधोमध वर आलेला दिसला तर खालची बॅटरी फुगलेली आहे, ते यंत्र घेऊ नका.

चवथीच्या ऑफरचं विचारलंत. चवथीला आणि दिवाळीला दुकानं सवलत देतात हे खरं, पण बहुतेकदा ती बँकेच्या कार्डावर किंवा हप्त्यांवर असते, आणि फुकट म्हणून बॅग, माऊस, अँटीव्हायरस देतात. अँटीव्हायरसचे पैसे लावत असतील तर नको म्हणा, विंडोजमधला डिफेंडर तुम्हाला पुरे आहे. चवथ महिन्या-दीड महिन्यावर असेल तर थांबा, त्याहून लांब असेल तर थांबू नका, तुमच्या प्रबंधाची तारीख ऑफरपेक्षा मोठी आहे. दुकानदाराने सांगितलेला भाव १८ टक्के जीएसटीसह आहे का ते विचारा आणि पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर असला पाहिजे. ‘डॉस’ लिहिलेला लॅपटॉप थोडा स्वस्त दिसतो, त्यात विंडोज नसतं, आणि मग दुकानात चोरीचं टाकून देतात. तो नको. मायक्रोसॉफ्ट ऑफिस कायमचं दिलंय की महिनाभरासाठी, तेही विचारून घ्या. नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे, मराठी नीट चालतं.

बिल करायच्या आधी एक गोष्ट जरूर विचारा: बिघडला तर माणूस वाळपईला घरी येणार, की मला पणजीला किंवा मडगावला घेऊन यावं लागणार? कंपनीच्या मदत क्रमांकावर तुमचा पिनकोड सांगून हे आधी विचारता येतं. तुमच्या पाठीला दोन फेऱ्यांचा अर्थ काय होतो तो तुम्ही जाणता. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, बिल हाताशी ठेवून फोन करा.

लॅपटॉप घरी आल्यावर त्याच्या सोबत आलेल्या कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती घरी असताना चालू ठेवा. पणजीला जायच्या आदल्या रात्री तेवढी बंद करा.

आणि ताई, तुम्ही विचारलं नाही तरी लिहितो. ती गाणी आज तुमच्या एका फोनमध्ये आहेत. लॅपटॉप येईपर्यंत ती तशीच ठेवू नका. उद्या शाळेत गेलात की केबल लावून तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि एका पेनड्राइव्हवरही. प्रत्येक फाइलच्या नावात गाव, तारीख आणि गाणाऱ्या बाईंचं नाव घाला. पेनड्राइव्ह स्वतःच्या घरी न ठेवता बहिणीकडे नाहीतर शेजारी ठेवा. लॅपटॉप घेतलात की पाच-सहाशे रुपये बाजूला काढून आणखी एक पेनड्राइव्ह घ्या आणि पाटोवरच्या ग्रंथालयात जाल तेव्हा तिथे विचारा, ही गाणी जपून ठेवण्यासाठी ते एखादी प्रत ठेवून घेतील का.